डावीकडून येणारा उजेड

३ फेब्रुवारी, सोमवार

वाच. उघडलीच आहेस तर नीट वाच, चोरासारखी पानं चाळू नकोस. आणि मधेच "पण ताई" करू नकोस. वहीत तुला बोलता येत नाही, म्हणून तर वहीत लिहितेय. तर माझं म्हणणं असं, छोटे, की जागा बदलायचं मी एकटीने ठरवलेलं नाही. तू मान हलवली होतीस. आता "मी फक्त ऐकत होते" असलं काही चालणार नाही. ऐकताना कुणी मान हलवतं का?

जुन्या जागेसमोर पुलाचं काम निघालं. दिवसभर ते खांब ठोकायचं यंत्र, धाड, धाड. माणसाच्या कातडीवर सुई चालताना खालची जमीन हलली तर काय होतं, हे तुला मी सांगायचं? बारा वर्षं आपण दोघींनी त्या खोलीत टॅटू काढले. मला काही सामान उचलायची हौस आली नव्हती.

बरं. ती वाचत नाहीये असं धरून पुढे लिहिते, नाहीतर महिनाभर नुसतं भांडणच होईल.

सामान आलं. जागा पहिल्या मजल्यावर, खाली छापखाना. दोन जिने आहेत, पुढचा गिऱ्हाइकांसाठी आणि मागचा लोखंडी, अंगणात उतरणारा. आपली खुर्ची पुढच्या जिन्याने वर चढवताना हमालांनी विचारलं, ही दाताच्या डॉक्टरची ना? म्हटलं हो, जुनी घेतली होती. अजूनही काही लोक तिच्यात बसले की आपोआप तोंड उघडतात.

खिडकी एकच. छोटीने विचारलं, "खुर्ची कुठे लावू?" मी म्हटलं, उजेड माझ्या डाव्या हाताकडून येईल अशी. उजव्या हाताने काम करणाऱ्याला तसाच लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. छोटी डावखुरी आहे, तिची पडते. पण तिला सवय आहे. बारा वर्षांत कधी काही बोलली नाही.

लाल शाईची बाटली माझ्या हातातून सटकली. झाकणाला आधीच काहीतरी चिकटलं होतं. नव्या फरशीवर पहिला डाग माझा.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवीन काहीही आलं, मशीन असो, सुई असो, दिवा असो, की पहिली रेघ मी माझ्या डाव्या मांडीवर मारते. बोटाएवढी, सरळ, पट्टी न लावता. गिऱ्हाइकाच्या अंगावर प्रयोग करायचा नाही, आधी स्वतःच्या. सतरा वर्षं झाली. एकाखाली एक रेघा, गुडघ्यापासून वर. छोटी त्याला मांडीवरची वही म्हणते. आई त्याला वेड म्हणते.

आज नव्या जागेची रेघ मारली. मधे दोनदा हलली. खाली छापखान्याचं मशीन चालू होतं, फरशीतून पायाला कळत होतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. एका यंत्रापासून पळालो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर येऊन बसलो.

छोटीला दाखवली. तिने मांडीजवळ वाकून बराच वेळ बघितलं.

"काय?"

"काही नाही."

"मशीन चालू होतं खाली."

"हं," म्हणाली.

या मुलीच्या "हं"वर एखादीने प्रबंध लिहावा.

८ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीवाला आला. जुनं गिऱ्हाईक, गप्पिष्ट. त्याला दंडावर फक्त एक गोल हवा होता. लोकांना वाटतं गोल सोपा. वाघ काढायला सांगा, एखादी मिशी इकडची तिकडे झाली तर वाघालाही पत्ता लागत नाही. गोलाला लपायला जागा नसते.

कातडीवर स्टेन्सिलचा ठसा छान उठला. अर्ध्या गोलापर्यंत मी ठीक होते. मग खालचं मशीन सुरू झालं आणि सुई जरा खोल गेली. शाई कातडीखाली फुटली, रेघेच्या कडेला निळसर धूर धरल्यासारखी. बेकरीवाल्याने आरशात बघितलं आणि म्हणाला, "ताई, हा बटाटा आहे."

मी हसले. तोही हसला. त्याचं हसणं आधी थांबलं.

छोटी म्हणाली, "दादा, दोन मिनिटं बसा." माझ्या हातातून मशीन घेतलं आणि गोल बाहेरून जाड करत नेला. पाऊण तास लागला. तिच्या हाताची सावली सगळ्या कामावर, मान वाकडी करून करून काढत होती. झाला. जाड, काळा, बऱ्यापैकी गोल. तो खूश होऊन गेला.

मी मात्र घुश्श्यात. तिने माझ्या हातातून मशीन *घेतलं*. विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खाली जाऊन प्रेसवाल्या काकांना सांगितलं. शांतपणे सांगणार होते, जमलं नाही.

"काका, तुमच्या मशीनने माझं अख्खं घर हलतंय."

"घर कुठे, दुकान आहे ना?"

"दुकान हलतंय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. साठीचे असतील. बोटांना शाई, माझ्यासारखीच, फक्त त्यांची धुतली जाते. म्हणाले, "बाई, वर तुमच्या आधी घड्याळजी होता. एकवीस वर्षं. त्याची कधी तक्रार नव्हती."

आता घड्याळवाल्याचं माझ्यापुढे काय कौतुक! घड्याळ चुकलं तर परत उघडता येतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काका वर आले. हातात पाण्याचा ग्लास, काठोकाठ भरलेला, जिना चढून एक थेंब न सांडता. ग्लास त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, खिडकीतून वाकून खाली ओरडले, "अगं, कर चालू!" खाली काकूंनी बटण दाबलं. मशीन धडधडायला लागलं. आम्ही तिघं त्या ग्लासाकडे बघत उभे, जसं काही त्यातून कुणी बाहेर येणार आहे.

पाणी हललं नाही.

"बघितलं?" काका म्हणाले.

मी म्हटलं ग्लास जाड आहे.

"पाणीही जाड आहे का?"

छोटी तोंड फिरवून हसली. म्हणजे मला वाटलं हसली. वळली तेव्हा डोळे वेगळेच दिसत होते. तिला या जागेत धूळ सोसत नसावी.

काका निघता निघता म्हणाले, महत्त्वाचं काम असेल तर आधी सांगा, तासभर बंद ठेवीन. माणूस वाईट नाही. पण मला उपकार नकोत, सरळ जमीन हवी.

ग्लास उचलायला गेले तर सगळं पाणी टेबलावर. काठोकाठ भरलेला होता, कुणाच्याही हातून सांडलं असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज खरं भांडण झालं. लिहायला हवं.

कामांची वही बघितली. पुढच्या दोन आठवड्यांत बारीक रेघेची जेवढी कामं, नावं, आकडे, गोल, चौकोन, ती सगळी छोटीच्या नावावर. माझ्याकडे काय, तर ढग. धुकं. एका माणसाच्या पाठीवरच्या पंखांची छटा भरायचीय. जुनी गिऱ्हाइकं माझी, सतरा वर्षांची, आणि ही त्यांना गुपचूप आपल्या पानावर सरकवतेय.

"हे काय आहे?"

"तुला छटा छान जमतात ताई."

"आणि रेघा?"

तिने कामांची वही मिटली.

"रेघा कुणी शिकवल्या तुला? केळ्याच्या सालीवर कुणी गिरवून घेतल्या? डबाभर केळी काळी केली होतीस, आईने महिनाभर ओरडा केला."

"तूच शिकवल्यास."

"मग?"

"मग काही नाही."

"तुला वेगळं व्हायचंय का? सरळ सांग. नवीन जागेत आलो की नवीन पाटी, असं आहे का मनात?"

ती इतका वेळ माझ्याकडे बघत राहिली, की मीच शेवटी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाली, "मला वेगळं व्हायचं असतं तर मी बारा वर्षं अंधारात काम केलं असतं का?"

अंधार कुठला? एवढी मोठी खिडकी होती जुन्या जागेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कोचबाई आल्या. मुलांना पोहायला शिकवतात. खांदे असे की दरवाज्यातून तिरक्या येतील असं वाटतं. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या मनगटावर मी एक आकडा काढला होता, त्यांची सगळ्यात वेगवान वेळ, सेकंद आणि सेकंदाचे तुकडे. अजून तसाच धारदार. मनगट पुढे करून छोटीला म्हणाल्या, "बघा, तुमच्या ताईचा हात."

मग शर्ट काढून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी छातीची एक बाजू काढून टाकली. काखेजवळून मध्यापर्यंत व्रण, फिकट, जरा वाकडा. डॉक्टरांना विचारून आल्यात, ते हो म्हणालेत.

मी म्हटलं, लोक यावर फुलं काढून घेतात, वेली घेतात, छान झाकलं जातं.

"झाकायचंय कुणाला?" म्हणाल्या. "मला एक रेघ हवी. तरण तलावाच्या तळाला काळी रेघ असते बघा. डोकं पाण्यात घातलं की तीच दिसते, तिच्यावरून जायचं. शेवटी तिला एक आडवी रेघ असते, म्हणजे भिंत आली, वळा. दोन वर्षं मी काठावर शिट्टी घेऊन उभी आहे. मुलं विचारतात, बाई तुम्हाला पोहता येतं का. ती रेघ इथे काढा. सरळ. मग उतरते मी पाण्यात."

एक सरळ रेघ, वीतभर, व्रणावरून. व्रणाची कातडी कुठे जाड, कुठे कागदासारखी. सुई किंचित खोल गेली की शाई फुटणार. परत करता येत नाही. त्या अंगाने आधीच एकदा काहीतरी परत न करता येण्यासारखं सोसलंय.

छोटी म्हणाली, "हे काम मी..."

"ताई करतील," कोचबाई म्हणाल्या. "मला त्यांचाच हात हवा."

मी छोटीकडे बघितलं. बघितलं म्हणजे, जिंकल्यासारखं बघितलं. खोटं कशाला लिहू.

अठ्ठावीस तारीख, शुक्रवार, सकाळी अकरा. काकांना सांगून मशीन बंद ठेवून घेईन.

निघताना कोचबाई म्हणाल्या, "हात भरून येतो का हो तुमचा? सारखा झटकताय."

म्हटलं, या धंद्यात सगळ्यांचाच येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज आईने माझ्या शर्टाची बटणं लावली. म्हणाली, "एवढी घोडी झालीस." पण लावली. या शर्टाची काजं फार लहान आहेत, मी विकत घेतानाच म्हटलं होतं.

मग म्हणाली, "पहाटे उठून हात झटकत बसतेस ते काय?"

"झोपेत दबला जातो अंगाखाली."

"रोज?"

"रोज झोपते ना मी."

आईने कपाळाला हात लावला. "हुशार लेकी माझ्या. एक लोकांना भोकं पाडते आणि दुसरी तिच्या मागून पुसत फिरते."

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक जागा बघून आले. तळमजला, म्हणजे खाली फक्त माती. आजूबाजूला एकही यंत्र नाही, एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला रिकामा गाळा. खिडकी डावीकडे. छोटीला सांगितलं, पुढच्या महिन्यात हलू.

ती फरशीवर बसून सुया लावत होती. हातातलं सगळं खाली ठेवलं. "ताई, आपण येऊन तीन आठवडे झालेत."

"मग?"

"अजून दोन खोकी उघडायचीत."

"चांगलंय की. परत बांधावी लागणार नाहीत."

मला वाटलं विनोद चांगला होता.

ती म्हणाली, "आणि तिथे रेघ हलली तर? मग कुठे जायचं आपण? वाळवंटात?" उठली आणि निघून गेली. तासाभराने परत आली, तोंड धुऊन.

संध्याकाळी या वहीत स्टेन्सिलच्या कागदाचा एक तुकडा सापडला, मधल्या पानात घातलेला. छोटीचं अक्षर: *हाताचे डॉक्टर, शुक्रवार २८, साडेअकरा.* खाली पत्ता. म्हणजे वही वाचतेच ही! आणि हिचं मनगट दुखतंय, मला सांगत नाही. मान वाकडी करून करून काम करते, दुखणारच. पण वेळ कसली घेतलीय, नेमकी कोचबाईंच्या दिवशी. मी काम करत असताना ही तिकडे. राग आला, पण वाईटही वाटलं.

कागद ठेवलाय तिथेच. आठवण करून देईन तिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून खाली आवाज नाही. काकांना विचारलं. म्हणाले, मशीनचा रोलर दुरुस्तीला गेलाय, परवापर्यंत शांतता. "घ्या, तुमच्या मनासारखं झालं."

छोटी बाहेर गेली होती. मी दार लावलं. दिवा जवळ ओढला, नवी सुई लावली, मांडी साफ केली. शुक्रवारच्या आधी एक रेघ. इतकी शांतता की रस्त्यावर कुणीतरी किल्ल्या पाडल्या ते ऐकू आलं.

रेघ मारली.

हलली.

पुसून बघितलं. तीन ठिकाणी. एका ठिकाणी कडेला निळा धूर.

खाली काही चालू नव्हतं. पुन्हा एकदा खिडकीतून वाकून बघितलं, काकू छापखान्याच्या पायरीवर बसून पेपर वाचत होत्या.

मला भूक नाहीये.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आरसा खुर्चीपुढे ओढला आणि मांडीवरची वही पहिल्यांदा नीट वाचली. इतकी वर्षं मी फक्त शेवटची रेघ बघायची.

खालच्या रेघा पहिल्या दोन वर्षांच्या, थरथरत्या. त्या वयाला शोभणाऱ्या. मग वर वर सरळ, अशा सरळ की माझ्याच आहेत यावर विश्वास बसेना. मग परत.

कोणती रेघ कशाची ते मला पाठ आहे. दाताची खुर्ची आली तेव्हाची, सरळ. पांढरा दिवा, सरळ. छोटीचं पहिलं स्वतःचं मशीन, ते मी आधी माझ्यावर चालवून बघितलं होतं, सरळ. मागच्या वर्षी हलकं मशीन घेतलं, जुनं हाताला जड वाटायला लागलं म्हणून. तिथून वाकडी. पुलाचं काम दिवाळखोर ठेकेदारामुळे चार महिने बंद पडलं होतं, तेव्हा नवीन सुया आल्या. तेव्हाचीही वाकडी. तेव्हा बाहेर चिटपाखरू नव्हतं.

म्हणजे जुनी जागा काही हलत नव्हती. मी माझा हात उचलून इथे आणला, खोक्यांबरोबर.

छोटीला हे कधीपासून माहीत होतं? तिने तेव्हा मान हलवली ती कशाला?

अंगठा आणि बाजूची दोन बोटं. पेन धरलंय हे मला दिसतं म्हणून कळतं.

आणखी एक. आज दुपारी मी तिच्या स्टुलावर बसले, तिच्या जागेवर, मशीन डाव्या हातात धरलं. नुसतं धरलं. समोरचा सगळा कागद माझ्याच हाताच्या सावलीने काळा झाला. खिडकी डावीकडून माझ्या बोटांची सावली बरोबर तिथेच पाडत होती जिथे सुई टेकायची.

बारा वर्षं. आणि बेकरीवाल्याचा तो गोल हिने त्या सावलीत गोल केला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वाच. आता खरंच तुझ्यासाठी लिहितेय.

सकाळी सातला आले. खुर्ची एकटीने फिरवली, खालून काका आले अर्ध्यात, मला म्हणाले, "परत हलवताय? कुठे?" म्हटलं, फक्त चार फूट. त्यांनी एका बाजूने धरली. आता उजेड उजवीकडून येतो. दिवा उजवीकडे घेतला, ट्रॉली डावीकडे, शाईचं झाकण डाव्या हाताने उघडता येईल असं. स्टूल तुझ्या उंचीचं केलं, माझ्यापेक्षा दोन बोटं खाली. एकदा बस आणि नुसता हात समोर धर. बघ काय दिसतं. तुला सवय नसेल, थोडा वेळ लागेल.

कोचबाईंशी काल फोनवर बोलले. सगळं सांगितलं, बेकरीवाल्याच्या बटाट्यासकट. त्या म्हणाल्या, मी दोन वर्षं मुलांना सांगतेय की माझा कान दुखतो म्हणून पाण्यात येत नाही. मग विचारलं, धाकटीचा हात कसा आहे? मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगला. बऱ्याच दिवसांपासून. हे तोंडातून काढायला किती जड गेलं ते इथे लिहीत नाही, तू वाचतेस.

त्या येतील अकराला. तुझ्या हाताची एकही रेघ मांडीवर नाही माझ्या, कधी तू म्हटलंच नाहीस, मी विचारलंच नाही. कोचबाई यायच्या आधी एक मारायची असेल तर स्वतःच्या मांडीवर मार. या खोलीची पहिली खरी रेघ ती असेल.

व्रणाच्या मधे एक पातळ जागा आहे, काखेपासून चार बोटांवर. तिथे दाब सोड, जवळजवळ उचल. श्वास त्यांच्या श्वासाबरोबर घे. रेघ एका दमात ओढायचा हट्ट धरू नकोस, मी धरायचे. दोन दमांत घे, जोड दिसणार नाही. शेवटची आडवी रेघ विसरू नकोस.

तळमजल्याची जागा नको म्हणून कळवलंय. उरलेली दोन खोकी उघड.

तो स्टेन्सिलचा कागद मी घेतलाय. पत्ता लांब आहे, दोनदा बस बदलावी लागेल. डॉक्टर काय म्हणतील कुणास ठाऊक. विश्रांती म्हणतील, कापायचं म्हणतील. मी फक्त दाखवून येते. आणि सोबत येऊ का वगैरे विचारायचं नाही, तुला काम आहे.

जिन्यावर तुझ्या चपला वाजतायत. आधी "पण ताई" म्हणशील, मग रडशील, मग मी इथेच बसेन आणि अकरा वाजतील. वही खुर्चीवर उघडी ठेवतेय.

मी मागच्या जिन्याने निघाले.